एरोसोल डबा : नाव, स्वरूप आणि सागरी घोषणापत्र

आंतरराष्ट्रीय व्यापारात एकाच वस्तूला दोन निरनिराळ्या नावांनी प्रवास करावा लागतो, ही गोष्ट वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकांत फारशी स्पष्ट केलेली आढळत नाही. वस्तू कशाची बनलेली आहे आणि कोणत्या उपयोगाची आहे, हे सीमाशुल्क खात्याला जाणून घ्यावयाचे असते, कारण त्यावर कराचा दर अवलंबून असतो. जहाजाच्या कप्तानाला या दोन्ही गोष्टींशी कर्तव्य नसते. ती वस्तू पेट घेईल काय, फुटेल काय, शेजारच्या मालास अपाय करील काय, एवढेच त्याला हवे असते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर आपोआप निघत नाही. किंबहुना पुष्कळदा पहिले उत्तर दुसऱ्यावर पडदा टाकते. दाबाखाली भरलेला फवाऱ्याचा डबा, ज्याला नियमांच्या भाषेत एरोसोल म्हणतात, हे या विसंगतीचे अत्यंत बोलके उदाहरण होय.

सीमाशुल्काच्या सर्वमान्य नामावलीत अंगाचा दुर्गंध घालविणारा फवारा ३३०७.२० या उपशीर्षकाखाली येतो, केस जागच्या जागी बसविणारा ३३०५.३० खाली, दाढीचा फेस ३३०७.१० खाली, ढेकूण-झुरळांवर मारावयाचे औषध ३८०८ मध्ये जाते, आणि पाण्याखेरीज अन्य द्रावकातील रंग ३२०८ मध्ये. डबा, दाब किंवा वायू यांचा या वर्गीकरणाशी संबंध नाही. जहाजाच्या दृष्टीने मात्र या पाचही वस्तू एकाच जातीच्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्यांना एकच क्रमांक आहे, १९५०, आणि एकच विहित नाव, 'एरोसोल'. (हा आकडा सालाचा आहे असा समज होण्याचा संभव आहे, तो केवळ अनुक्रमांक आहे.) म्हणून बीजकावर 'सौंदर्यप्रसाधने' असे लिहिणारा व्यापारी खोटे लिहीत नाही, तरी जहाजाला जे कळावयास हवे ते त्या शब्दातून कळत नाही. अघोषित धोकादायक मालाची चर्चा करताना आपण सहसा लबाडीचा विचार करतो. लबाडी होते यात शंका नाही, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते एरोसोलच्या बाबतीत अधिक अभ्यसनीय आहे ती प्रामाणिक माणसाच्या हातून व्यापारी नावामुळे घडणारी चूक.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. रसायनशास्त्रात एरोसोल म्हणजे वायूत तरंगणाऱ्या सूक्ष्म घन वा द्रव कणांची प्रणाली. धुके आणि धूर ही तिची परिचित उदाहरणे. वाहतुकीच्या नियमांत मात्र एरोसोल हे पदार्थाचे नाव नसून वस्तूचे आहे : धातू, काच किंवा प्लॅस्टिक यांचे, पुन्हा न भरता येणारे पात्र; त्यात दाबाखाली संपीडित, द्रवीकृत अथवा विरघळलेला वायू, सोबत द्रव, लेप किंवा भुकटी असो वा नसो; आणि आतील द्रव्य बाहेर सोडण्यासाठी बसविलेली झडप. बाहेर पडते ते तुषार असोत, फेस असो, लेप असो वा नुसता वायू असो, वस्तू एरोसोलच. त्यामुळे दाढीचा फेस शास्त्राच्या दृष्टीने एरोसोल नसला तरी नियमांच्या दृष्टीने आहे. झडप नसलेली वायूची लहान कुपी २०३७ या वेगळ्या क्रमांकाखाली जाते. 'पुन्हा न भरता येणारे' हे शब्दही सहज घातलेले नाहीत. पुन्हा भरता येणारे पात्र या व्याख्येच्या बाहेर पडते आणि त्याला वेगळ्या नियमांखाली जावे लागते.

आजच्या डब्यातील धोका समजण्यासाठी त्याचा इतिहास थोडा पाहणे अवश्य आहे. नॉर्वेचे अभियंते एरिक रोथेम यांनी १९२० नंतरच्या दशकात या कल्पनेचे एकस्व घेतले. तिला व्यवहारात बळ मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या कृषिखात्यातील लायल गुडह्यू व विल्यम सलिव्हन यांनी पायरेथ्रम आणि तिळाचे तेल यांचे मिश्रण फ्रेऑन-१२ या वायूच्या दाबाने फवारणारे पात्र सिद्ध केले आणि हिवतापाच्या प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांना ते पुरविण्यात आले. पुढे रॉबर्ट ॲबप्लानाल्प यांनी स्वस्त व खात्रीची झडप बनविली आणि डबा घरोघर पोचला. या सर्व काळात प्रणोदक म्हणून, म्हणजे आतील द्रव्य बाहेर ढकलण्यासाठी, मुख्यतः क्लोरोफ्लुओरोकार्बन वापरले जात. ते जळत नाहीत आणि फारसे विषारीही नाहीत.

१९७४ साली मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की, हेच निरुपद्रवी वाटणारे वायू वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोनचा नाश करतात. १९७८ साली अमेरिकेने बहुतेक एरोसोलांत त्यांच्या वापरास बंदी घातली. १९८७ चा माँट्रिऑल करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. प्रणोदकाची रिकामी झालेली जागा बहुतांशी प्रोपेन, ब्युटेन व आयसोब्युटेन या हायड्रोकार्बनांनी आणि काही अंशी डायमिथाइल ईथरने घेतली. स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीत जे वायू असतात तेच हे. फक्त त्यांना गंध राहू नये म्हणून शुद्ध केलेले. आकाशातील ओझोन वाचविण्यासाठी घेतलेल्या योग्य निर्णयाने जमिनीवरचा आणि जहाजावरचा डबा ज्वालाग्राही केला. त्या निर्णयावर हा आक्षेप नव्हे. परंतु डब्याचा आकार, रंग, दुकानातील जागा आणि व्यापारी नाव यांपैकी काहीही न बदलता त्याचे अंतरंग मात्र पालटले, आणि 'यात काय एवढे' ही जुनी वृत्ती तशीच राहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

धोक्याचे परिमाण किती, हे साध्या गणिताने पाहता येईल. एका डब्यात १०० ग्रॅम ब्युटेन आहे असे धरू. ब्युटेनचा रेणुभार ५८. म्हणजे हे सुमारे १.७ मोल झाले, आणि २५ अंश सेल्सियस तापमानाला त्याचा वायू सुमारे ४२ लिटर जागा व्यापील. हवेत ब्युटेनचे प्रमाण शेकडा १.८ च्या आसपास पोचले की मिश्रण पेट घेऊ शकते. वीस फुटी कंटेनरचे अंतर्गत घनफळ सुमारे ३३ घनमीटर, म्हणजे ३३,००० लिटर असते. त्याचे शेकडा १.८ म्हणजे सुमारे ५९४ लिटर. याचा अर्थ असा की, संपूर्ण रिकाम्या कंटेनरातील हवा ज्वलनक्षम करण्यास अवघे चौदा डबे गळणे पुरेसे आहे. प्रत्यक्षात कंटेनर मालाने भरलेला असल्याने हवेची जागा पुष्कळ कमी असते, आणि ब्युटेन हवेच्या दुप्पट जड असल्यामुळे तो समप्रमाणात न पसरता तळाशी साचतो; म्हणून तळाच्या थरात धोक्याची मर्यादा त्याहून फार कमी डब्यांनी गाठली जाते. एका कंटेनरात असे डबे हजारोंनी मावतात. त्यांपैकी चौदा डब्यांची टोपणे निघून झडपा खोक्याच्या दाबाखाली उघड्या राहणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. झडपेला अनवधानाने दाब बसू नये अशी योजना असलीच पाहिजे, हा जो नियम आहे त्याचे मर्म यात आहे.

दुसरा धोका उष्णतेचा. ५० अंशांना ब्युटेनचा बाष्पदाब सुमारे पाच वातावरणे, तर प्रोपेनचा सुमारे सतरा असतो. म्हणून या दोहोंचे प्रमाण जुळवूनच डब्यातील दाब ठरविला जातो. भरलेला प्रत्येक डबा गरम पाण्याच्या हौदातून नेऊन तपासावा असा मूळ नियम आहे. डब्यातील दाब ५५ अंशांना जेवढा होईल तेवढा होईतो त्याला तापवावयाचे, आणि गळती किंवा कायमचा फुगवटा आढळल्यास तो बाजूला काढावयाचा. उष्णतेने बिघडणाऱ्या द्रव्यांसाठी हौदाचे तापमान २० ते ३० अंश ठेवून दोन हजारांतून एकच डबा वरच्या तापमानाला नेण्याची सवलत आहे. ही परीक्षा उन्हासाठी आहे, आगीसाठी नव्हे. आगीत सापडलेला डबा कसा वागतो ते १९८२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फॉल्स टाउनशिप येथे दिसून आले. केमार्ट कंपनीचे सुमारे १२ लाख चौरस फुटांचे कोठार तेथे २१ जून रोजी जळून खाक झाले. मोटारीचे कार्ब्युरेटर साफ करण्याच्या एरोसोल डब्यांचे एक खोके खाली पडून पेटले, आणि फुटणारे डबे अग्निबाणाप्रमाणे जळत जळत उडून कोठाराच्या दूरदूरच्या भागांत पडले. आग एका कक्षातच कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या भिंती व दारे यांचा उपयोग होऊ शकला नाही. एरोसोल साठविण्याची स्वतंत्र संहिता अमेरिकेत १९९० साली आली. त्या कोठारात पाण्याचे फवारे होते, अग्निशामक दल रस्त्याने येऊ शकत होते. भरसमुद्रात जहाजावर यांपैकी दुसरे काहीच नसते. खलाशी हेच अग्निशामक दल.

आता वर्गीकरणाकडे वळू. एरोसोल हे नाव नक्की झाले तरी घोषणा पूर्ण होत नाही. वायूंचा जो दुसरा वर्ग, त्यातील विभाग ठरवावा लागतो. ज्वालाग्राही असेल तर २.१, ज्वालाग्राही वा विषारी नसेल तर २.२. येथे नियमकारांनी दोन टोकांना सरळ निकष दिले आहेत. ज्वलनशील घटक वजनाने शेकडा ८५ किंवा अधिक असून रासायनिक ज्वलन-उष्णता दर ग्रॅमला ३० किलोज्यूल वा अधिक असेल, तर परीक्षेशिवायच २.१. ज्वलनशील घटक शेकडा १ किंवा त्याहून कमी असून उष्णता २० किलोज्यूलच्या खाली असेल, तर २.२. मधल्या सर्व डब्यांना प्रयोगशाळेत जावे लागते. तुषार सोडणारा डबा ज्योतीपासून किती अंतरावर पेट घेतो हे पाहतात. ७५ सेंटीमीटर किंवा अधिक अंतरावर पेट घेतल्यास तो अत्यंत ज्वालाग्राही समजावयाचा. ठरावीक अंतरावर न पेटलेला डबा सुमारे २०० लिटरच्या बंद पिंपात फवारून पुन्हा तपासतात. फेसासाठी ज्वालेची उंची व कालावधी मोजतात.

एक काल्पनिक पण व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. अंगावर मारावयाच्या फवाऱ्यात शेकडा ५५ हायड्रोकार्बन, ४३ इथाइल अल्कोहोल व २ सुगंधी द्रव्य आहे. हायड्रोकार्बनची ज्वलन-उष्णता दर ग्रॅमला सुमारे ४५.५ व अल्कोहोलची २६.८ किलोज्यूल धरल्यास, सुगंधी द्रव्य सोडूनही बेरीज ३६.५ भरते, ज्वलन पूर्ण होत नाही म्हणून तिचा शेकडा ९५ हिस्सा धरला तरी ३४ च्या वर. म्हणजे हे 'सौंदर्यप्रसाधन' कोणत्याही परीक्षेशिवाय २.१ ठरते. आता दाढीचा फेस पाहा. त्यात शेकडा ४ हायड्रोकार्बन व बाकी साबण-पाणी असे धरले, तर उष्णता दर ग्रॅमला दोन किलोज्यूलसुद्धा नाही. तरी तो आपोआप २.२ होत नाही. कारण ज्वलनशील घटक शेकडा १ हून अधिक आहेत. फेसाची परीक्षा घेतल्यावाचून त्याला निरुपद्रवी म्हणण्याचा अधिकार उत्पादकाला नाही. विद्यार्थ्यांनी हे दुसरे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे, कारण 'त्यात पाणीच तर आहे' हा युक्तिवाद व्यवहारात ऐकू येतो.

आतील द्रव्य विषारी किंवा क्षरणकारी असेल तर दुय्यम धोकाही लिहावा लागतो. कॉस्टिक सोडा असलेला, भट्टी साफ करण्याचा फवारा हे क्षरणकारी डब्याचे उदाहरण. अत्यंत तीव्र विषारी वा क्षरणकारी द्रव्य एरोसोलमध्ये भरून पाठविण्यास मनाई आहे, आणि विषारी वायू प्रणोदक म्हणून वापरता येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. भारतीय बाजारात 'गॅसविरहित' म्हणून विकले जाणारे सुगंधी फवारे आहेत. हाताने दाबावयाचा पंप असून दाबाखालील वायू नसेल, तर तो डबा एरोसोल नव्हे. पण त्यात अल्कोहोल असते, आणि म्हणून तो ज्वालाग्राही द्रवांच्या तिसऱ्या वर्गात, १२६६ या क्रमांकाखाली, 'सुगंधी उत्पादने' या नावाने जातो. उलट, ज्याच्यात द्रव्य आतल्या पिशवीत असते व पिशवीभोवती संपीडित हवा असते, असा डबा एरोसोल आहे. परंतु द्रव्य न जळणारे असेल तर २.२ मध्ये बसू शकतो. तिन्ही डबे एकाच फळीवर शेजारी ठेवले तर बाहेरून फरक ओळखणे कठीण. म्हणून घोषणा ही डब्याकडे पाहून करावयाची गोष्ट नाही. ती उत्पादकाच्या सुरक्षा-माहितीपत्रकावरून करावयाची. तेही पत्रक भरलेल्या डब्याचे हवे, डब्यात भरण्यापूर्वीच्या द्रवाचे नव्हे. रंगाच्या पत्रकावरून १२६३ क्रमांक उचलून डब्याला 'रंग' म्हणून घोषित केल्यास वर्ग, बांधणी आणि आगीच्या वेळचे उपाय ही सर्वच चुकतात.

सागरी घोषणापत्राचा पाया असा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीच्या शिफारशी १९५६ साली प्रसिद्ध झाल्या; त्यांच्या आधारे धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय सागरी संहिता १९६५ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २००४ पासून समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या कराराखाली ती बंधनकारक झाली. घोषणापत्रात प्रथम क्रमांक, मग विहित नाव, मग वर्ग, दुय्यम धोका असल्यास तो, नंतर खोक्यांची संख्या व प्रकार आणि एकूण मात्रा, असा क्रम असतो. शेवटी प्रेषकाने सही करून सांगावयाचे असते की, मालाचे वर्णन पूर्ण व अचूक आहे आणि त्याचे वर्गीकरण, बांधणी, खुणा व लेबले नियमांनुसार आहेत. कंटेनर ज्याने भरला त्याचे प्रमाणपत्र वेगळे. या सहीकडे औपचारिकता म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. वस्तुतः कंटेनर एकदा मोहोरबंद झाल्यावर तो उतरेपर्यंत, मधल्या कोणालाही आत काय आहे हे कळण्याचे दुसरे साधन नसते.

सर्वांत अधिक गैरसमज 'मर्यादित मात्रे'विषयी आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. विषारी नसलेल्या एरोसोलसाठी ही मर्यादा डब्यामागे एक लिटर आहे. विषारी द्रव्याच्या डब्यासाठी १२० मिलिलिटर. खोक्याचे एकूण वजन ३० किलोग्रॅमपेक्षा, आणि प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळलेल्या तबकाचे २० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. दुकानात मिळणारे बहुतेक सर्व डबे यात बसतात. अशा खोक्यावर क्रमांक, नाव किंवा वर्गाचे लेबल लागत नाही. कोनावर उभा केलेला चौकोन, ज्याचे वरचे व खालचे टोक काळे आणि मधला भाग पांढरा, एवढी खूण पुरते. युरोपातील रस्त्यांच्या नियमांत तर त्यासाठी धोकादायक मालाचे वाहतूकपत्रही लागत नाही. एकूण वजन वाहकाला आधी कळविले म्हणजे झाले. यावरून असे अनुमान काढले जाते की, मर्यादित मात्रेतील माल धोकादायक राहिलाच नाही. हे अनुमान चुकीचे आहे. तोच ट्रक बंदरावर पोचला आणि माल जहाजावर चढणार असला की, घोषणापत्र अनिवार्य होते. त्यात नेहमीचा सर्व तपशील देऊन 'मर्यादित मात्रा' हे शब्द जोडावयाचे असतात. सवलत बांधणीची, खुणांची व मालाच्या परस्पर अंतराची आहे, मौनाची नाही. विमानमार्गानेही तसेच : मर्यादित मात्रेच्या खुणेत एक इंग्रजी वाय अक्षर येते, पण प्रेषकाचे घोषणापत्र सुटत नाही. सागरी नियमांतून संपूर्ण मुक्त आहे तो फक्त ५० मिलिलिटरपर्यंतचा, विषारी घटक नसलेला डबा.

जहाजाला ही माहिती कशासाठी हवी? मुख्यतः माल कोठे ठेवावा आणि कशाजवळ ठेवू नये हे ठरविण्यासाठी. एरोसोल उष्णतेच्या उगमांपासून दूर ठेवावे लागतात. आणि मर्यादित मात्रेच्या सवलतीत न बसणाऱ्या मालाच्या बाबतीत एक लिटरपर्यंतच्या डब्यांनाही स्फोटकांपासून, १.४ हा सौम्य विभाग वगळता, विलग ठेवण्याचे बंधन आहे. शेजाराचे महत्त्व मुंबईकराला पुस्तकातून शिकावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या एकाच जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके होती. कापूस पेटला आणि पुढे जे घडले त्यात शेकडो माणसे दगावली. अलीकडे, ९ जून २०२५ रोजी, कोलंबोहून न्हावाशेव्याकडे येणाऱ्या 'वान हाय ५०३' या जहाजावर केरळच्या किनाऱ्यापासून दूर स्फोट होऊन आग लागली. बावीस जणांपैकी अठरा वाचले, चौघांचा पत्ता लागला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये अरबी समुद्रात 'मर्स्क होनाम' पेटले, त्यात पाच जण गेले. या घटनांना एरोसोल कारण झाले असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु अशा आगीशी झुंजणारा कप्तान हातात मालाची यादी घेऊनच निर्णय करतो. कोणत्या कंटेनरवर पाणी मारावे, कोणत्यापासून माणसे मागे घ्यावीत, हे त्या यादीवरून ठरते. यादीत 'सौंदर्यप्रसाधने' असतील तर तो माणसे मागे घेणार नाही.

आता प्रश्न जबाबदारीचा. ज्याला धोका ठाऊकच नव्हता त्या प्रेषकाने नुकसान का सोसावे? इंग्लंडच्या न्यायालयापुढे हा प्रश्न १८५६ साली 'ब्रास विरुद्ध मेटलंड' या दाव्यात आला. विरंजक चूर्णाची, म्हणजे क्लोराइड ऑफ लाइमची, पिंपे जहाजावर चढविली होती. त्यांतील द्रव्याने पिंपे खाऊन इतर माल नासविला. पाठविणाऱ्याने तो माल दुसऱ्याकडून घेतला होता आणि बांधणीतील दोष त्याला माहीत नव्हता. दोन न्यायाधीशांनी प्रेषकाला जबाबदार धरले. न्यायमूर्ती क्रॉम्प्टन यांनी भिन्न मत दिले की, ज्ञान नसताना व निष्काळजीपणा नसताना असा बोजा टाकणे योग्य नाही. पुढे १९२४ च्या हेग नियमांतील चौथ्या अनुच्छेदाच्या सहाव्या नियमाने ही जबाबदारी करारबद्ध केली. भारताने १९२५ च्या कायद्याने हे नियम स्वीकारले, आणि त्याच्या जागी २०२५ साली संमत झालेल्या कायद्यातही त्यांची चौकट राखली आहे. १९९८ साली 'जियानिस एन. के.' या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने वाद मिटविला. डाकारहून चढविलेल्या भुईमुगाच्या पेंडीत खापरा भुंगेरे होते. प्रेषकाला त्याची कल्पना नव्हती. त्यांच्यामुळे शेजारच्या कप्प्यांतील गव्हासह सारा माल समुद्रात टाकावा लागला. भुंग्यांनी गहू खाल्ला नव्हता, तरी पेंड 'धोकादायक' ठरली आणि प्रेषक अज्ञानी असूनही जबाबदार ठरला.

प्रस्तुत लेखकाला क्रॉम्प्टन यांच्या मताविषयी आदर आहे. पेंडीच्या बाबतीत ते आजही विचारात घेण्याजोगे वाटते, कारण पेंडीतील किडा कोणालाच दिसला नव्हता. एरोसोलच्या बाबतीत ती सहानुभूती टिकत नाही. येथे धोका लपलेला नाही. तो डब्याच्या पाठीवर, ज्वालेच्या चित्रासह आणि ५० अंशांच्या इशाऱ्यासह छापलेला आहे. प्रेषकाकडे ज्ञान नसते असे नाही. ते त्याच्या कारखान्यात किंवा गुदामात एका कागदावर असते, आणि बीजक तयार करणाऱ्या कारकुनापर्यंत पोचत नाही.

'रिकामा' हा शब्दही असाच फसवा आहे. वापरलेल्या डब्यात प्रणोदकाचा अंश उरतोच. म्हणून पुनःप्रक्रियेसाठी वा विल्हेवाटीसाठी नेल्या जाणाऱ्या टाकाऊ एरोसोलना स्वतंत्र तरतूद आहे. त्यांना टोपण नसले तरी चालते, पण वायू साचू नये व दाब वाढू नये अशी वायुवीजनाची सोय लागते. जहाजावर त्यांना राहण्याच्या जागेपासून दूर ठेवावे लागते. भंगार म्हणून पत्र्याच्या भावाने विकत घेतलेला माल 'रिकामे डबे' म्हणून घोषित करणाऱ्याने ११ मे १९९६ चा व्हॅल्यूजेट विमानाचा अपघात आठवावा. ती वस्तू एरोसोल नव्हती. प्राणवायू निर्माण करणाऱ्या रासायनिक नळ्या होत्या. कागदावर त्यांना रिकाम्या म्हटले होते. त्या रिकाम्या नव्हत्या, आणि ११० माणसे गेली.

राहता राहिली घरगुती पार्सले. परदेशी शिकणाऱ्या मुलाला दिवाळीचा फराळ पाठविताना चकलीच्या डब्याशेजारी अंगदुखीचा फवारा आणि बॉडी स्प्रे ठेवला जातो, ही आपल्याकडील सर्वपरिचित गोष्ट. आंतरराष्ट्रीय टपालात धोकादायक मालास, थोडे अपवाद सोडल्यास, मज्जाव आहे, आणि एरोसोल त्या अपवादांत नाहीत. गंमत अशी की, तोच मुलगा विमानाने जाताना हाच डबा आपल्या सामानात नेऊ शकतो : प्रसाधनाचा वा औषधाचा, प्रत्येकी अर्ध्या लिटरपर्यंत, सर्व मिळून दोन लिटरपर्यंत, टोपण लावलेला. माणसाबरोबर जाणारी मात्रा आपोआप मर्यादित राहते. टपालाच्या थैल्यांत ती किती साचेल याचा हिशेब कोणीच ठेवू शकत नाही. पार्सलाच्या अर्जावर आई 'खाद्यपदार्थ व घरगुती वस्तू' असे लिहिते, आणि तेही खरेच असते. खिडकीवरील कर्मचाऱ्याने 'धोकादायक वस्तू आहे का' असे विचारले तर उत्तर 'नाही' असे येणार. 'एरोसोल आहे का' असे विचारले तर प्रश्नच कळणार नाही. 'बॉडी स्प्रे, दुखण्याचा स्प्रे, झुरळांचा स्प्रे आहे का' असे विचारले, तर खोके तेथल्या तेथे उघडले जाते.